विहीर बुजायच्या आधी

“धरा, धरा तिला! लेकरू घेऊन उडी टाकतेय!” वॉचमन तमिळात ओरडला आणि मागनं कुणीतरी माझा दंड असा खेचला की मी विहिरीच्या कठड्यावरनं खालीच आले. पोर छातीशी, ती किंचाळली. ब्लाउज उघडा, पदर कुठं, पिशवी कुठं, काही सुचेना. आजही कुणी मोठ्यानं ओरडलं की माझा हात आधी पदराला जातो.

कुंभकोणमची आमची मराठी लोकांची गल्ली तेव्हा सगळी पाडलेली. तिथं मोठं अपार्टमेंट होणार, आम्हालाही त्यात एक घर. विहीर तेवढी राहिली होती, पत्र्याच्या कुंपणाच्या आत. माझी पोर भाड्याच्या घरात झाली. आमच्या घरची रीत अशी, बाळंतिणीनं विहिरीला हळदकुंकू वाहायचं आणि आपल्या दुधाचे थेंब पाण्यात सोडायचे. विहीर आटत नाही तसं दूध आटू नये म्हणून. सासूनं इथंच सोडले होते, तिच्या सासूनंही. सासू आता नाही. माझं दूध आधीच कमी, आणि त्या दिवशी कळलं की आज विहीर बुजवणार. मग काय, मजूर जेवायला बसले तशी पत्रा सरकवून आत शिरले.

वॉचमननं फोन केला, पोलीस आले, स्टेशनात नेलं.

“कोण छळतं, अम्मा? नवरा मारतो?” इन्स्पेक्टरनं विचारलं.

“नाही सार.”

“मग भर दुपारी विहिरीत काय बघत होतीस, चंद्र?”

एक हवालदार हसला. मी पदर घट्ट ओढून घेतला. इतक्या पुरुषांसमोर दुधाचं काय सांगू?

ह्यांना शेजारच्या स्वामीमलै गावच्या मूर्तींच्या कारखान्यातनं उचलून आणलं, हाताला साच्याचं मेण तसंच. “ही बोलली नाही तर तू आत,” इन्स्पेक्टर म्हणाले. हे मला घरच्या मराठीत म्हणतात, “सांग की गं! मी काय केलं तुला?” ह्यांना सांगितलं तर ते सगळ्यांना तमिळात सांगणार, मी नुसती रडतेय. गप्प बसलं की लोक आपल्या तोंडात त्यांचीच गोष्ट घालतात, हे तिथं कळलं.

एक वयस्क बाई पोलीस होती. तिनं माझी पिशवी टेबलावर उलटी केली. हळद, कुंकू, विडा, नारळ.

“सार, जीव द्यायला कोण नारळ घेऊन जातं?”

मग मला आतल्या खोलीत नेलं, दार लावलं. मी तिच्या कानात सांगितलं. ती बाहेर जाऊन काय बोलली कोण जाणे, इन्स्पेक्टर खाली बघायला लागले. “जीपनं ने तिला. पुरं करू दे,” एवढंच म्हणाले. ह्यांनाही सोडलं.

पोचलो तर एक लॉरी ओतून झालेली. विहिरीत आमच्याच घरांच्या विटा, कुणाचा तरी उंबरा. पाणी दिसेना. वाकून ऐकलं तर खाली कुठंतरी अजून बुडबुड वाजत होतं. बाई पोलीस पाठ करून उभी राहिली, “आटप गं पोरी.” दुसरी लॉरी हॉर्न मारतेय. तेवढ्यात पोर भुकेनं उठली, तोंड उघडून छाती शोधायला लागली. आणि दूध एवढंसंच.

आता त्याच जागेवर वरच्या मजल्यावर राहतो आम्ही. नळ सोडला की मी अजून थांबून ऐकते, तसं बुडबुड वाजतं का.

ते थेंब विहिरीला द्यायचे, का पोरीला? तुम्ही काय केलं असतं?