गढीवरची तोफ

माझे मामा गुरुपादप्पा उदगीरच्या तहसील कचेरीसमोर लिंबाखाली बसून लोकांचे अर्ज लिहीत. निजामाचा कारभार उर्दूत, आणि आमच्या खेड्यातल्या लोकांना उर्दूचं एक अक्षर लागत नसे, त्यामुळे मामांचा भाव वधारलेला. माणूस हुशार, पण आहे तेवढं लिहिणं त्यांना जमायचंच नाही. कुणाची एक म्हैस चोरीला गेली की अर्जात चार जायच्या. कुणी थप्पड मारली की अर्जात डोकं फुटायचं. कचेरीतले लोक निम्मं वजा करूनच वाचतात, असं त्यांचं म्हणणं. ते खोटंही नव्हतं.

अठ्ठेचाळीस सालच्या उन्हाळ्यात आमच्या गावच्या गढीत रझाकार येऊन बसले. एकोणीस जण, तीन बंदुका, बाकी भाले नि तलवारी. आमच्या गावाला तेवढेही पुष्कळ झाले. त्यांनी दोन घरं जाळली. आई गुरम्मा, वडील मलप्पा आणि पाळण्यातली मी, तिघंही गावात अडकलो. मामा मात्र उदगीरहून निसटले आणि सरहद्दीपलीकडे निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या कॅम्पात पोचले. तिथं गावोगावची माहिती लिहून घेत आणि हिंदी फौजेकडे पाठवत. शंभर गावांचे कागद पडलेले. त्यात आपल्या बहिणीच्या गावाकडे फौज लवकर कशी वळायची, या काळजीनं मामांची झोप उडाली. सवयीचा हात चालला. त्यांनी लिहिलं: दीडशे रझाकार, चार मशीनगन, गढीवर तोफ.

फौजेनं त्यातलं काहीच वजा केलं नाही.

सप्टेंबरात फौज निघाल्याची बातमी आली आणि गढीतले रझाकार आदल्या दिवशीच पळाले. पळणारी दुसरी एखादी टोळी जाता जाता गाव लुटेल, या भीतीनं लोक गढीत शिरले, कारण तिच्या भिंती जाड. फौज आली ती ओढ्यापलीकडेच थांबली. समोर तोफ आहे म्हटल्यावर सरळ चालत कोण येईल? त्यांनी तिथूनच गोळे टाकले. गढीत आपलीच माणसं आहेत हे कळावं म्हणून माझे वडील कमरेचं धोतर सोडून बुरुजावर चढले आणि ते हलवू लागले. तिसरा गोळा तिथंच पडला. एकूण नऊ माणसं गेली. आई मला घेऊन तळघरात उतरली होती, म्हणून आम्ही दोघी वाचलो.

मामा गावात आले तेव्हा लोकांनी त्यांच्या गळ्यात हार घातला. फौज यांनीच आणली ना! मामांची मान खाली गेली. लोकांना तो विनय वाटला. त्यानंतर त्यांनी अर्जाला हात लावला नाही, किराणा दुकान टाकलं. मी शाळेत छाती फुगवून सांगायची, फौज माझ्या मामांनी आणली. आज ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

आई दरवर्षी पंचमीला माहेरी उदगीरला जायची. मी बारा वर्षांची असतानाची पंचमी. मामा जेवता जेवता थांबले. ताटाकडे बघत म्हणाले, "गुरम्मा, तोफेचं मीच लिहिलं होतं. गढीवर तोफ हाय म्हणून."

आई त्यांना वाढत होती. हातातली वाटी तिनं खाली ठेवली.

"ठाऊक हाय," ती म्हणाली. "त्या दिवशी एका मराठी शिपायानं मला इचारलं, बाई, तोफ कुठं हाय? तवाच कळलं. इतकं वाढवून दुसरं कोण लिहितंय?"

"तसं लिहिलं नसतं तर फौज आली नसती गं."

"आली असती, अण्णा. साऱ्या मुलखात आली. आमच्याकडं चालत आली असती."

मामा रडत रडत म्हणाले, "इतकी वर्षं ठाऊक होतं, तर बोलली का न्हाईस?"

"तू सांगशील म्हणून वाट बघून राहिले. दर पंचमीला त्याच्यासाठीच यायचे."

ती उठली, आमची पिशवी भरली आणि मला म्हणाली, "चल."

त्यानंतर आई उदगीरला कधी गेली नाही.