चालू केल्यापासून बारा महिने

"इंजिन बंद करा! बायकांनो, बाहेर व्हा!" मी ओरडलो.

पेठ वडगावच्या त्या पिठाच्या गिरणीत नागपंचमीच्या दळणाला दहा-बारा बायका उभ्या होत्या, त्याही फ्लायव्हीलपासून हातभर अंतरावर. फ्लायव्हील म्हणजे इंजिनाच्या कडेचं बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, जड चाक. इंजिनाचा वेग ते सारखा राखतं. फिरता फिरता फुटलं तर त्याचे तुकडे भिंतीला भोक पाडतात.

ही गोष्ट संस्थानच्या महाराजांच्या कारकिर्दीतली. कोल्हापुरात इंजिनं विकणाऱ्या एका दुकानात मी फिटर होतो. हे इंजिन आमच्याच दुकानाचं; ते खडखडतंय म्हणून मला बोलावलं होतं.

चाक थांबल्यावर मी हातोडीनं हलकेच ठोकलं. चांगलं बीड खणखणतं. हे बद्द वाजलं.

"फुटक्या मडक्यागत वाजतंय की ओ," गिरणीवाल्या तात्यांची बायको म्हणाली. तिला माझ्याआधी कळलं असणार.

तडा केसाएवढा होता, पण खोल. ओतकामात आत हवा राहिली की असं होतं. म्हणजे दोष कारखान्याचा.

तात्या देव्हाऱ्यातला गॅरंटीचा कागद घेऊन आले. गॅरंटी म्हणजे कारखान्याचा लेखी शब्द: अमुक मुदतीत माल स्वतःच्या दोषानं मोडला तर फुकट बदलून देऊ.

"नवं चाक मिळंल न्हवं, मिस्त्री? तुमीच वाचून दावलंसा, चालू केल्यापास्नं बारा म्हैनं. दसऱ्याला चालू केलंय. आत्ता कुठं धा म्हैनं झाल्यात."

कागद इंग्रजीत होता. त्यातला बाराचा आकडा तेवढा मला कळला होता, बाकीचं मी ठोकून दिलं होतं. वाचता येत नाही हे गिऱ्हाइकाला कसं सांगायचं? आणि माझ्या भरवशावर तात्यांनी ज्येष्ठात घेतलेलं इंजिन मुहूर्तासाठी दसऱ्यापर्यंत पेटीतच ठेवलं होतं.

"नाही मिळालं तर?"

"लोहाराकडनं पट्टी मारून चालवायचं. रान इकून घेतलंय, बसवून ठिवू व्हय?"

दुकानात मी तात्यांचं म्हणणं सांगितलं, तेव्हा शेठनी कागद वाचला. "खरेदीपासून बारा महिने. मुदत संपून दोन महिने झाले. चालू केल्यापासून, असं कोण म्हणालं? का तो गिरणीवाला खोटं बोलतोय, दस्तगीर?"

व्हय म्हटलं असतं तर सुटलो असतो. घरी खाणारी तोंडं पाच. मी टोपी काढून हातात धरली. पण पट्टी मारलेलं ते चाक डोळ्यांपुढून हलेना, आणि त्याच्यासमोरच्या बायकाही.

"मी म्हणालो, शेठ. मला इंग्रजी वाचता येत नाही."

शेठनी कागदाची घडी घातली. मग म्हणाले, "तू दिलास म्हणजे दुकानानं शब्द दिला. चाक द्यावं लागणार. पण असे शब्द देणारा माणूस मला नको."

नवं चाक बसवणं हे माझं तिथलं शेवटचं काम. जुनं चाक अंगणात नेऊन घणाचा एक घाव घातला, तर दोन तुकडे झाले. आतल्या पोकळीत लिंबू मावलं असतं.

"ह्ये फिरत हुतं?" तात्यांनी त्या पोकळीत बोटं घातली.

पुढं मी स्वतःचं वर्कशॉप काढलं. कुणी कागद वाचायला दिला की आधी सांगतो, मला वाचता येत नाही, वकिलाकडं जावा. लोक हसतात. हसू देत.