बापट मॅडमचा फोन

बापट मॅडम प्रत्येक स्लाइडवरच्या रक्तपेशी दोनदा मोजायच्या. मशीनने आकडा दिलेला असला तरी. डोळा मायक्रोस्कोपला, बोट काउंटरवर टकटक, आणि मध्येच मला, "ए बार्शीकर, तोंड बंद. बिल्कुल बंद!"

तोंड बंद ठेवणं मला बार्शीच्या शाळेतही जमलं नव्हतं. गुरुग्रामच्या हॉस्पिटलात लॅबला लागलो आणि पंधरा दिवसांत मॅडमचा आवाज उचलला. थोडा नाकातला, शेवटी दरडावणारा. त्याच आवाजात एकदा आयसीयूत फोन लावला, "डॉक्टरसाब, आपके पेशंट का खून हरा आया है." डॉक्टर राठी बिचारे धावत खाली आले. मॅडमनी मला झाप झाप झापलं, मग पाठ फिरवून हसल्या.

पण एऑर्टाचा पेशंट असला की हसणं बंद. एऑर्टा म्हणजे हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी. ती फाटली की तातडीने ऑपरेशन. नंतरचं रक्त पांढऱ्या पेशी मोजायला आमच्याकडे यायचं. "न्यूट्रोफिल म्हणजे जवान," मॅडम सांगायच्या. "एवढी मारामारी झालीय, ते धावणारच. लिम्फोसाइट म्हणजे घरातले बुजुर्ग. ते दिसेनासे झाले ना, की फोन उचलायचा. पेशंट जाणारच असं नाही रे. लक्ष द्या, एवढंच." आणि फोनवर ठरलेलं वाक्य, "बुजुर्ग गायब हैं, डॉक्टरसाब. देख लीजिए."

एका सकाळी मायक्रोस्कोपसमोरच्या खुर्चीतच त्या वाकड्या झाल्या. "अरे, पाठीत कुणी सुरा खुपसला रे..." स्कॅन झाला. एऑर्टा! मला वाटलं, कुणीतरी माझीच मस्करी करतंय.

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी त्यांची ट्यूब माझ्या हातात. स्लाइडवर जवानच जवान. बुजुर्ग शोधून सापडेनात. पुन्हा मोजलं. तेच.

आयसीयूत राठींना फोन लावला. "सर, बापट मॅडमचा काउंट..."

"भाई, आज मज़ाक नहीं. प्लीज़." कट.

पुन्हा लावला, आणि शपथ सांगतो, तोंडातून आपोआप मॅडम निघाल्या. "बुजुर्ग गायब हैं, डॉक्टरसाब. देख लीजिए."

 पलीकडून राठींचा बसका आवाज, "मॅडम तो मेरे सामने बेहोश लेटी हैं."

"उन्हीं का सॅम्पल है, सर," मी माझ्या आवाजात म्हणालो.

राठींनी मॅडमचं पांघरूण काढून तपासलं. पोट टम्म फुगलेलं. आतड्याला रक्तच पोचत नव्हतं. त्यांना तसंच पुन्हा ऑपरेशनला नेलं.

मॅडम वाचल्या. वॉर्डात भेटायला गेलो, चांगला जोक तयार ठेवून. त्यांनी तोंड उघडलं आणि नुसती हवा आली. ऑपरेशनमध्ये आवाजाची नस दुखावली होती. माझा जोक घशातच राहिला. मला जवळ ओढून त्या कुजबुजल्या, "दोनदा मोजलंस?"

"हो, मॅडम."

चार महिन्यांनी कामावर आल्या, आवाज मात्र परतला नव्हता. पहिलाच एऑर्टा. दोनदा मोजलं, चिठ्ठी लिहिली, फोन माझ्याकडे सरकवला. मी साध्या आवाजात सुरुवात केली. त्यांनी टेबलावर पेन आपटलं आणि स्वतःच्या गळ्याकडे बोट दाखवलं.

मी घसा साफ केला. "बुजुर्ग गायब हैं, डॉक्टरसाब. देख लीजिए."

लॅबमध्ये कुणीच हसलं नाही. मॅडमनी फक्त मान हलवली आणि पुढची स्लाइड घेतली.