लिंबाला घातलेला कोट

चिलीच्या दक्षिणेकडच्या कोयाइकेत एप्रिल, म्हणजे तिथला पानगळीचा महिना, लागला आणि डोंगरावरची झाडी लाल झाली की एदुविना कार्कामो कुणाचं काही ऐकून घेत नसे. घरात ऐकवणारा तसा एकच, तिचा नवरा बेलार्मिनो. पण त्या दिवसांत त्याचीही गणना बागेच्या सामानातच होई.

जन्मभर तिनं इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरी पिळल्या होत्या. मनगटं लोखंडासारखी झालेली, आणि काहीही उघडं दिसलं की त्यावर पांघरूण घालायची सवय हाडात मुरलेली. काम सुटल्यावर ती सवय बागेकडे वळली. थंडी उतरायच्या आत स्ट्रॉबेरीवर पेंढा, गुलाबांच्या बुडाशी मेंढ्यांचं कुजलेलं शेण, त्यावर वाळका पाला. पाण्याचा पाइप रिकामा करून, गुंडाळून आत. डेलियाचे कंद खणून, माती झटकून, वाळूच्या खोक्यांत. हे कंद गोठता कामा नयेत आणि उबेनं त्यांना कोंब फुटताही कामा नये. अख्ख्या घरात अशी जागा एकच, त्यांची झोपायची खोली. तेव्हा चुलीची ऊब तिकडे जाऊ नये म्हणून त्या खोलीचं दार दिवसभर बंद.

"म्हातारे, माझं नाक बधिर झालंय गं," बेलार्मिनो पांघरुणातून म्हणे.

"म्हणजे बरोबर आहे. कंदांना एवढीच थंडी लागते."

खरा लाडका होता लिंबू. या गावात लिंबू लावणं हाच मुळात वेडेपणा, असं सगळे म्हणत. म्हणूनच तिनं लावला होता. धुराड्याच्या भिंतीला टेकून तो पुरुषभर वाढला होता. दरवर्षी ती त्याला गोणपाटात गुंडाळी, आणि दरवर्षी वारा ते गोणपाट सोडवून नदीपलीकडे नेई. या वर्षी तिनं डोकं लढवलं. वाऱ्याला गाठ सुटते, बटण सुटत नाही. तिनं बेलार्मिनोचा जाड लोकरी कोट लिंबाला घातला, बाह्यांत पेंढा कोंबला, बटणं लावली, वर मफलर आवळला आणि शेंड्यावर त्याची काळी चपटी टोपी बसवली.

"आणि मी काय घालू?" बेलार्मिनोनं विचारलं. त्याला बटाटे भरायला बहिणीकडे आयसेनला जायचं होतं.

"माझा घाल. तू चालता-फिरता आहेस, त्याला जागचं हलता येत नाही."

या बोलण्यात खोट काढता येईना. तेव्हा बेलार्मिनो तिचा जांभळा, फरच्या कॉलरचा कोट घालून बसमध्ये बसला.

तो गेला आणि शेजारच्या रिकाम्या घरात कुस्तोदियो नावाचा गृहस्थ राहायला आला. उत्तरेकडचा, वाळवंटातला माणूस, फार रीतीचा. पहिल्याच सकाळी त्यानं कुंपणावरून हाक घातली, "नमस्कार शेजारी!" लिंबानं मागे वळून पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. कुस्तोदियोनं कोपऱ्यावरच्या दुकानात चौकशी केली.

"बेलार्मिनो होय?" दुकानदारीण म्हणाली. "उंच, किडकिडीत. फार बोलत नाही बिचारा. बायको बोलू देईल तर ना."

मग कुस्तोदियोच्या कानावर त्या बायकोचं बोलणं पडू लागलं. "सरळ उभा राहा! वाकायचं नाही!" ती त्या पाठमोऱ्या कोटाला दटावत होती. "या वर्षी काही दिलं नाहीस तर तुकडे करून चुलीत घालीन, सांगून ठेवते."

पहिला बर्फ पडला. टोपीवर पांढरा ढीग साचला, तरी माणूस तिथंच. कुस्तोदियोचा धीर सुटला. त्यानं बंबवाल्यांना फोन केला.

बंबवाले स्ट्रेचर घेऊन आले, मागोमाग गल्ली आली. एदुविना दारातून ओरडत धावली, "हात लावू नका त्याला! या दिवसांत हलवलं तर मरेल!"

"बाई, कधीपासून उभा आहे हा?" बंबवाल्यांच्या कप्तानानं विचारलं.

"यंदाचं म्हणताय? पण तो बाराही महिने इथंच असतो."

"आणि खायला काय घालता?"

"शेण," एदुविना अभिमानानं म्हणाली. "पण चांगलं कुजलेलं."

गर्दीतल्या एका म्हातारीनं छातीवर क्रूस काढला. नेमका तेव्हाच बेलार्मिनो बसमधून उतरून आला. अंगात जांभळा कोट, थंडीमुळे डोक्याला बहिणीचा रुमाल. "कोण गेलं?" त्यानं विचारलं.

"बेलार्मिनो," कुणीतरी कुजबुजलं. "फार सोसलं हो त्यानं."

बेलार्मिनोनं स्वतःचे दोन्ही दंड चाचपून पाहिले. आपलं काही चुकलं की काय, बसमध्येच डोळा लागून सगळं आटोपलं की काय, हे त्याला कळेना. तो पुढे सरकला तसं कप्तानानं हात आडवा धरला, "बाई, मागे व्हा."

"अहो, मी मेलेला बेलार्मिनो आहे!"

तोवर एका बंबवाल्यानं धीर करून मफलर सोडला होता. आतून हिरवी पानं बाहेर आली. कुस्तोदियो कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला.

"आता थांबलात कशाला?" एदुविना म्हणाली. "त्याला वारा लागतोय. बटणं लावा!"

कप्तानानं मुकाट्यानं बटणं लावली. माणसं आलीच आहेत म्हणून तिनं त्यांच्याकडून पाला ओढून घेतला, सफरचंदाची वाळकी फांदी कापून घेतली आणि शेवटी सगळ्यांना चुलीशी बसवून गरम पाव आणि माते नावाचा कडवट पाल्याचा चहा दिला. कुस्तोदियोला दोनदा दिला. तिच्या लिंबाची इतकी काळजी आजवर दुसऱ्या कुणी केली नव्हती.

मंडळी गेल्यावर बेलार्मिनो डोक्याचा रुमालही न सोडता बसून होता.

"काय झालं रे म्हाताऱ्या?"

"सगळे म्हणत होते, फार सोसलं त्यानं. कुणालाच नवल वाटलं नाही गं."

एदुविनानं किटली खाली ठेवली. त्याच्या हातांकडे पाहिलं. बोटं अजून निळी होती. ती उठली, झोपायच्या खोलीचं दार सताड उघडलं आणि चुलीत दोन जाड ओंडके सारले.

"आणि कंद?" त्यानं विचारलं.

"एखाद्या वर्षी लवकर फुटले तर फुटू देत," ती म्हणाली, आणि त्याचे बूट ओढून काढायला खाली बसली.