बोट वर केलेलं बाळ

आपल्या देवघरातला नाचरा बाळकृष्ण आठवतो ना? तुमच्या पणजीने तंजावरहून आणलेला. काल पुण्यातल्या एका प्रदर्शनात चोळांच्या काळातली कांस्यमूर्ती पाहिली, हुबेहूब तशीच! पण खाली लिहिलं होतं, तमिळ बालसंत. भुकेने रडणाऱ्या या बाळाला पार्वतीने दूध पाजलं. कोणी पाजलं, हे तो वडिलांना आकाशाकडे बोट करून दाखवतो. नाचऱ्या कृष्णाचं बोट असं वर नसतं.

मग आपल्या बाळाचं? कसब्याच्या गर्दीत रिक्षा हलेना. घरी येताच देवघर गाठलं. बोट वरच!

“अहो, हा कृष्ण नाहीच!”

“मग आजवर लोणी कोणाला दिलं?” आजोबांनी विचारलं.

“दाखवलं याला, खाल्लं तुम्ही.”

आज नैवेद्याला दूध ठेवलं. आजोबा हिरमुसलेत.