सोनगडावरचा विलायती उतार

मंगळवारी दादा गेला. त्याने चहा घेतला, पेपर वाचला आणि खुर्चीतून उठला नाही.

भेटायला आलेला प्रत्येक जण एकच वाक्य म्हणाला, "माणूस अगदी सरळमार्गी होता हो!" मी मान हलवत राहिले. (अशा वेळी मान हलवायची असते.) पण माझ्या भावाला सरळ मार्ग कधीच आवडला नाही. त्याला उतार हवा होता. तोही दगडधोंड्यांचा, वेडावाकडा आणि शक्यतो स्कॉटलंडमधला!

आम्ही राहत होतो सुरतेत, कतारगामला. ज्यांनी सुरत पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते, हे शहर पोळपाटासारखं सपाट आहे. त्यातला सर्वांत मोठा चढ म्हणजे तापीचा पाळा, आणि तोसुद्धा पूर अडवायला माणसांनी घातलेला. अशा गावात नव्वदच्या दशकात एका बी.कॉम. झालेल्या मुलाला डोंगर उतरायचं वेड लागावं, यात दोष कोणाचा असेल तर पस्तीवाल्याचा. (सुरतेत रद्दीला पस्ती म्हणतात.) दादा त्याच्याकडे बँकेच्या परीक्षेचं गाइड आणायला गेला आणि एक इंग्रजी पुस्तक घेऊन आला. त्याला पुठ्ठा नव्हता, पहिली अकरा पानं नव्हती. इच्छापोरकडच्या कुठल्याशा कारखान्यात यंत्रं बसवायला आलेला एखादा गोरा साहेब ते मागे ठेवून गेला असावा. ब्रिटनमधले मोठमोठे डोंगर सायकलवरून कसे उतरावेत, हा त्याचा विषय होता.

"डोंगर चढायचा कसा ते दिलंय का?" मी विचारलं.

"सायकल खांद्यावर घेऊन."

"आणि मग?"

"मग सायकलवर बसून खाली."

"म्हणजे जिथून निघाले तिथेच परत?"

"सुमे," दादा म्हणाला, "तुला वाचता येतं, पण कळत नाही."

ते पुस्तक त्याने इतक्या वेळा वाचलं, की बेन नेव्हिसवर धुकं कुठे लागतं आणि स्नोडनवर वाट कुठे घसरते हे त्याला कतारगामच्या भाजीबाजारापेक्षा जास्त ठाऊक झालं. आई कोथिंबीर आणायला पाठवायची तेव्हा तो चुकायचा. नकाशावरच्या समोच्च रेषा वाचायला तो आपला आपण शिकला. रेषा जवळ आल्या की उतार तीव्र, लांब गेल्या की सौम्य. पोळीवरचे पापुद्रे दाखवून त्याने मला ते समजावलं होतं, तेव्हा माझी पोळी गार झाली होती.

दोन वर्षं शिकवण्या करून त्याने दहा गिअरची सायकल घेतली. तिच्यावरून तो तापीचा पाळा उतरला. उतार चार सेकंदांत संपला. तो घरी येऊन नुसता बसून राहिला.

"लागलं का रे?" आईने विचारलं.

"नाही. संपलं," दादा म्हणाला.

त्या आवाजामुळेच मी पुढच्या सगळ्या भानगडीत पडले.

आमचं मूळ गाव नंदुरबारकडचं. दर उन्हाळ्यात आम्ही भुसावळ पॅसेंजरने गावी जायचो आणि वाटेत सोनगड यायचं. स्टेशनाच्या पलीकडे डोंगर, डोंगरावर किल्ला. गाडीच्या खिडकीतून पाहून पाहून दादाने त्या डोंगराच्या समोच्च रेषा अंदाजाने काढल्या होत्या. पुस्तकातल्या वेल्सच्या एका उताराशेजारी तो कागद ठेवून त्याने मला दाखवलं.

"बघ. अगदी भाऊ-भाऊ दिसतात की नाही?"

मला दोन्ही बोटांच्या ठशांसारखे दिसले. पण मी "हो" म्हटलं.

आईने परवानगी दिली ती एका अटीवर. सुमन बरोबर जाईल. (मी शांत, पुस्तकं वाचणारी, म्हणजे शहाणी, असा तिचा समज होता.) निघायच्या दिवशी तिने सायकलच्या हँडलवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, झेंडूचा हार घातला, चाकासमोर नारळ फोडला. गाडीत ओरखडे नकोत म्हणून दादाने दांडीवरचं दुकानातलं प्लास्टिक काढलं नव्हतं. मी नवी साडी नेसले होते, कारण वेल्ससारख्या ठिकाणी काय नेसून जावं हे मला कळेना.

आता हे चित्र कोणत्याही खानदेशी माणसाच्या डोळ्यांनी पाहा. वैशाख महिना. गावाकडची गाडी. हार घातलेली कोरी सायकल. शेजारी नव्या साडीत लग्नाच्या वयाची मुलगी. आमच्यात सायकल ही वस्तू जावयाला देण्यासाठीच जन्माला आली आहे!

एवढ्यावरही निभावलं असतं. पण पार्सल ऑफिसातल्या कारकुनाने मान वर न करता सांगितलं, "जग्या नथी. काले आवजो." (जागा नाही, उद्या या.)

दादाचा चेहरा पाळ्यावरून आला होता तसाच झाला.

"लग्ननो सामान होय तो बोलो," कारकून पुढे म्हणाला, "तो मूकी दऊं." (म्हणजे चढवून देतो.)

दादा खरं बोलायला तोंड उघडतो आहे हे मी पाहिलं. मी त्याच्या पायावर पाय दिला आणि म्हटलं, "लग्ननो ज छे."

आयुष्यात पहिल्यांदा मी सरकारी माणसाशी खोटं बोलले. कारकुनाने पावती फाडायला घेतली. आणि माझ्या मागून आवाज आला, "काय व सुमन! लगीन ठरनं, आन् आमले सांगं बी नही?"

आमच्या खाली राहणाऱ्या शेवंताकाकू! सोबत त्यांच्या दोन जावा, पुतण्याच्या हळदीसाठी नंदुरबारला निघालेल्या. कतारगामातली निम्मी लग्नं काकूंनी जमवली होती आणि उरलेली निम्मी त्यांना विचारून जमली होती. (काकू घरात आणि रागात अहिराणी बोलत. त्या वेळी आम्ही घरात नव्हतो.)

कारकून लिहिता लिहिता थांबला. दादाने माझ्याकडे पाहिलं. मी साडीचा पदर पाहिला.

"एकदम ठरलं काकू," मी म्हणाले.

गाडी सुटल्यावर खरं सांगायचं, असं मी मनाशी ठरवलं होतं. पण गाडी सुटायच्या आत धाकट्या जावेने पिशवीतून नारळ काढून माझी ओटी भरली. ओटीत नारळ आणि मूठभर तांदूळ घेऊन बसलेल्या बाईला खरं बोलणं फार अवघड जातं.

"पोऱ्या काय करस?" काकूंनी चौकशी सुरू केली.

"मास्तर आहे," मी म्हणाले. (मला मास्तर बरे वाटत.)

"गाव कोनतं?"

मी दादाकडे पाहिलं. दादाने हातातल्या तिकिटाकडे पाहिलं.

"सोनगड," तो म्हणाला.

तिथे आम्ही मेलो. शेवंताकाकूंनी न पाहिलेला मुलगा, आणि तोसुद्धा वाटेवरच्या स्टेशनात! व्यारा स्टेशन येईपर्यंत डब्यातल्या आणखी दोन अनोळखी बायका गाणी म्हणायला येऊन बसल्या होत्या. एकीने मला "बाई गं, सासू कशी आहे?" असं विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता स्वतःच्या सासूचं सांगायला लागली. सोनगड आलं. आम्ही उतरलो. पाठोपाठ पाच बायका उतरल्या.

"काकू, तुमची हळद!" दादा ओरडला.

"हळद सांजले शे. दुपारनी गाडीमा जासूत," काकू म्हणाल्या. "आधी नवरदेव देखू दे. चाल, घर कोठे शे?"

दादाने डोंगराकडे पाहिलं. त्या क्षणी त्याला जे सुचलं ते केवळ पुस्तक शंभर वेळा वाचलेल्या माणसालाच सुचावं.

"आधी गडावरच्या देवीला सायकल दाखवायची," तो म्हणाला. "मुलाकडच्यांचा नवस आहे."

बायकांनी चपला हातात घेतल्या.

अशा रीतीने ब्रिटिश पद्धतीची आमची चढाई सुरू झाली. पुस्तकात लिहिल्याप्रमाणे दादाने सायकल खांद्यावर घेतली. पुस्तकात न लिहिल्याप्रमाणे पुढचं चाक काकूंनी धरलं, मागचं मोठ्या जावेने, आणि बाकीच्या मागून लग्नाची गाणी म्हणत निघाल्या. "काकू, चाक सोडा, मी नेतो!" असं दादा दर वळणावर म्हणायचा. "तू नवरीना भाऊ शे, तुले आज मान शे, गुपचूप चाल!" असं काकू दर वळणावर म्हणायच्या. मी ओटीतला नारळ सांभाळत शेवटी.

वर वारा होता. देवीला नमस्कार झाला. दादा तटाच्या पडक्या दगडांपाशी जाऊन उभा राहिला. खाली वाट उतरत गेली होती. आधी सौम्य, मग दगडांतून, मग करवंदाच्या जाळीला वळसा घालून दिसेनाशी. त्याच्या कागदावर होती तशीच, अगदी तशीच! त्याने सायकलचा हार काढला, प्लास्टिक फाडलं आणि दांडीवरून पाय टाकला.

"अरे ए भाऊ!" काकूंनी कॅरियर धरलं. "नवरदेवनी सायकलवर कोनी बसानं नही!"

"काकू, एकदाच."

"एकदा बी नही. जवाईना आधी सासरवाडीना मानूस बसना, तं ती वस्तू उष्टी झायी."

"काकू, मी दोन वर्षं..."

"दोन वरीस काय, दोन जलम!"

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी एक वाक्य बोलायचं होतं. लग्न नाही, मास्तर नाही, मी खोटं बोलले, सायकल दादाची आहे. इतकंच. पाच बायका अनवाणी डोंगर चढून आलेल्या, घामाने भिजलेल्या, माझ्याकडे मायेने पाहत होत्या. मी ओटीतला नारळ नीट केला. वाचनाने माणूस धीट होतो असं म्हणणाऱ्यांनी मला येऊन भेटावं.

"मग बसायचं तरी कोणी?" दादाने हळूच विचारलं.

काकूंनी विचार केला. "नवरी बसनी तं चाली. तिनीच वस्तू शे."

दादा सायकलवरून उतरला. सायकल माझ्यासमोर उभी केली.

"सुमे, तू जा."

"मी? मला पाळ्यावरून उतरता येत नाही!"

"मी शेजारून पळतो. ब्रेक एकदम दाबायचा नाही. वजन मागे. उतार येईल तिथे नजर लांब ठेव." त्याने हँडल माझ्याकडे वळवलं. "कोणीतरी उतरायला हवं गं."

मी पदर खोचला, नारळ काकूंच्या हातात दिला आणि बसले.

पहिली दहा पावलं मला आठवतात. वारा कानात शिरला. खाली झाडं, स्टेशन, तापीकडचं धुरकट सगळं एकदम माझ्याकडे यायला लागलं. दादा शेजारून धावत होता. "मागे सरक! अजून मागे! बूड मागे, सुमे, बूड मागे!" वरून बायका ओरडत होत्या, "धर व माय, धर!" काय धरायचं ते कोणी सांगितलं नाही, म्हणून मी पुढचा ब्रेक धरला.

सायकल थांबली. मी थांबले नाही.

करवंदाच्या जाळीत मी बसले होते तेव्हा दादा धापा टाकत आला. मला वाटलं, आता हा ओरडणार. पुढच्या चाकाचा द्रोण झाला होता. पण तो खाली बसला आणि दोन्ही हातांनी मला गदागदा हलवत म्हणाला, "कसं वाटलं? सांग ना, कसं वाटलं?"

"काकू," मी रडत वर ओरडले, "नवरदेव नाहीच आहे!"

खरं शेवटी निघालं ते असं, चाळीस पावलं उशिरा. काकू कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. मग त्या इतक्या हसल्या की खाली बसल्या. माझ्या गुडघ्याला त्यांनी स्वतःच्या लुगड्याची पट्टी बांधली. पण निकाल बदलला नाही. "देवीनासमोर बोलेल वस्तू शे," त्या म्हणाल्या. "आज नवरदेव नही, उद्या येई. सायकल त्यालेच जाई."

दादा मोडक्या चाकाची सायकल खांद्यावर घेऊन डोंगर उतरला. चालत.

काकूंनी निकाल आईला कळवला, आईने बाबांना. देवीपुढे बोललेलं मोडायची कोणाची छाती नव्हती. चाक दुरुस्त झालं आणि सायकल गॅलरीत चादरीखाली उभी राहिली. पावसाळ्यानंतर दादाला बँकेत नोकरी लागली, कामरेजच्या शाखेत. तो बसने जायचा. दोन वर्षांनी माझं खरोखरच लग्न झालं आणि सायकल मांडवात नवरदेवाला मिळाली. आमच्या ह्यांनी तिला पुढे टोपली बसवली आणि पंधरा वर्षं तिच्यावरून दूध आणलं. दहापैकी एकच गिअर वापरला. बाकीचे नऊ कशाला असतात, असं त्यांनी एकदा दादालाच विचारलं. दादा म्हणाला, "शोभेला." आणि चहा पीत राहिला.

त्याची माफी मागायची राहून गेली. दरवर्षी राखीला ठरवायची. त्याने विषय काढला नाही, मीही नाही.

तेराव्याला बँकेतले एक गृहस्थ आले. दादाच्या शेजारच्या टेबलावर त्यांनी बावीस वर्षं काम केलं होतं. माझ्याकडे पाहून ते उठून उभे राहिले.

"तुम्ही सुमनताई का? डोंगर उतरणाऱ्या?"

गेल्या वर्षापासून मी सोसायटीच्या दोन पायऱ्यासुद्धा कठडा धरून उतरते.

"ते फार सांगायचे हो तुमच्याबद्दल," ते म्हणाले. "नवीन कोणी ऑफिसात आलं की त्याला पहिल्यांदा तेच. माझी बहीण सायकलवरून अख्खा सोनगड उतरली. खडकातून, साडीवर! मी शेजारून पळत होतो, पण मला गाठता आली नाही, म्हणायचे. सात मिनिटं लागली ना तुम्हाला?"

वहिनी माझ्याकडे पाहत होती.

"साडेसहा," मी म्हणाले.

दादा नाही. माझ्या डाव्या गुडघ्यावर एक वण आहे.