गुडघ्यावरचा हात

आमच्या रविवारच्या बेसबॉलमध्ये एक नियम मी केलेला आहे, आणि त्याचा मला फार अभिमान होता. अजूनही आहे, हीच तर पंचाईत आहे.

विजय नगरच्या मागे एक मोकळं मैदान आहे, तिथे आम्ही खेळतो. आधी गाई हाकलायच्या, मग चपला टाकून बेस, म्हणजे धावताना गाठायचे टप्पे, मांडायचे, की झाला खेळ सुरू. मी सरकारी ऑफिसात आहे, पन्नाशी ओलांडलेली. माझी मैत्रीण शाळेत शिकवते, माझ्याच वयाची. कॉलेजात आम्ही दोघी एकाच संघातून सॉफ्टबॉल खेळायचो. ती पिचर, म्हणजे चेंडू फेकणारी. मी कॅचर, म्हणजे बॅट घेऊन उभ्या असलेल्या खेळाडूच्या मागे उकिडवं बसून तो झेलणारी. कोणता चेंडू टाकायचा हे कॅचर पिचरला हाताच्या खुणेने सांगतो. ज्याच्या हातात बॅट असते त्याला ती खूण दिसत नाही, कारण ती त्याच्या पाठीमागे होते. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं याच्यावरच आहे.

लग्न, मुलं, बदल्या यांत आमचा खेळ सुटला होता. पुन्हा सुरू केला तो आम्ही दोघींनीच. हळूहळू माणसं जमली. कुणी फॅक्टरीच्या क्वार्टरमधलं, कुणी कोचिंग क्लासमधलं, आणि एक शिक्षिका तर सिहोऱ्याहून पहिल्या बसने यायची. रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका आले. त्यांनी जन्मात बॅट धरली नव्हती, पण डोक्यावर टोपी, गळ्यात शिट्टी आणि पायात पांढरे शुभ्र बूट घालून ते सगळ्यांच्या आधी हजर असायचे. बँकेत नोकरी करणारा एक तरुणही आला. तो खरंच चांगला खेळायचा, आणि हे त्याला आमच्यापेक्षा जास्त माहीत होतं.

भांडण त्याच्यापासूनच सुरू झालं. एका सकाळी काका तीनही चेंडू हुकवून, म्हणजे बाद होऊन, परत आले आणि हा सगळ्यांसमोर म्हणाला, "दीदी, अंकल आते हैं तो गेम मर जाता है. या तो मॅच खेल लो, या पिकनिक कर लो." काका बाजूला बसून बुटाची नाडी बांधत होते. बांधलेली नाडी सोडून त्यांनी पुन्हा बांधली.

माझं डोकं फिरलं. मी त्याला तिथल्या तिथे झापलं. म्हटलं, इथे जो येईल तो बॅटिंग करेल, ज्याला पसंत नसेल त्याने आपलं मैदान शोधावं. पण घरी आल्यावर लक्षात आलं की तोही अगदीच चुकीचं बोलत नव्हता. सगळ्यांना हलके चेंडू टाकले तर चांगली मुलं कंटाळून जातील. सगळ्यांना जोरात टाकले तर काका जातील, सिहोऱ्याची बाई जाईल. मग मी तो नियम काढला. ज्याला जमत नाही त्याच्या वेळी कॅचरने मोकळा हात गुडघ्यावर ठेवायचा. तो दिसला की पिचरने चेंडू हलका टाकायचा, पण हात असा फिरवायचा की बघणाऱ्याला पूर्ण ताकदीचा वाटावा. बाकीच्यांनी मात्र मनापासून झेलायचं, मनापासून धावायचं. आणि ज्याला हलका चेंडू मिळतो त्याला ते कधीही कळता कामा नये. कळलं तर त्यातली गंमतच जाते, असं मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं. काकांना आणि सिहोऱ्याच्या बाईला सोडून बाकी सगळ्यांना ही खूण माहीत झाली.

नियम झकास चालला. काकांचे फटके बसू लागले, तरुणांना त्यांच्या तोलाचा खेळ मिळू लागला. मैत्रीण दोन्ही संघांकडून चेंडू टाकायची, कारण तिच्याइतका सरळ चेंडू दुसऱ्या कुणाचा जात नव्हता. एका बाजूची कॅचर मी, दुसऱ्या बाजूचा तो बँकेतला. तो नंतर निवळला, माझ्याशी आदराने बोलू लागला. मला वाटलं, सुधारला.

मागच्या वर्षी माझा खांदा जखडला. काही महिने खेळ बंद, सकाळ-संध्याकाळ फिजिओथेरपी. परत मैदानावर आले तेव्हा बॅट वेळेवर येईचना. चेंडू माझ्यासमोरून जायचा आणि माझी बॅट मागाहून वारा घालायची. कितीतरी रविवार असे गेले. एकदा मी बॅट स्कूटरच्या चाकाशी आदळली आणि मैत्रिणीला म्हणाले, "बास. आता मी बाहेर बसून टाळ्या वाजवीन."

पुढच्या रविवारी ती घरी येऊन मला ओढून घेऊन गेली, आणि त्या दिवशी माझा फटका बसला. त्यानंतर बसतच गेला. मला आनंदाने काय करू अन् काय नको झालं. त्या फिजिओथेरपिस्टचं मी इतकं कौतुक केलं की अर्धं ऑफिस त्याच्याकडे पाठवलं.

या हिवाळ्यात तो मोठा फटका बसला. चेंडू मैदानाच्या टोकाच्या बाभळीपर्यंत गेला. मी सगळे बेस धावून परत आले, धापा टाकत. लोकांनी मला घेरलं. मैत्रिणीने मला मिठी मारली आणि म्हणाली, "जोराचा टाकला होता गं मी, आईशपथ!" बँकेतला म्हणाला, "क्या मारा है, दीदी!" मी सगळ्यांना स्कूटर-मोटरसायकलींवरून थेट बाजारातल्या कमानिया गेटला नेलं आणि खोव्याची जलेबी खाऊ घातली. काळसर, गरम, पाकात बुडालेली. सगळ्यांनी पोटभर खाल्ली. मी पुन्हा पुन्हा सांगत होते, चेंडू सुटला तेव्हाच मला कळलं होतं, हा माझा आहे. ते माना डोलवत होते आणि बोटं चाटत होते.

दुपारी कुणाच्या तरी मुलीने काढलेला व्हिडिओ ग्रुपवर आला. ती पिचरच्या मागे उभी होती, त्यामुळे मी समोरून दिसत होते. मी तो किती वेळा बघितला ते सांगायला लाज वाटते. नवरा पेपर वाचत होता, त्याला जबरदस्तीने दाखवला. त्याला या खेळातलं ओ की ठो कळत नाही. त्याने चष्मा वर केला, नीट बघितलं आणि विचारलं, "तुझ्या मागचा तो पोरगा गुडघ्यावर हात काहून ठेवून राहिला? दुखून राहिला का त्याचा गुडघा?"

मी फोन हातात घेतला. मी बॅट उगारून उभी आहे, अंगात अगदी कॉलेजातला डौल आहे. आणि माझ्या मागे तो बसला आहे, त्याचा मोकळा हात गुडघ्यावर. चुकून ठेवलेला नव्हता. नीट, पालथा, मीच शिकवला होता तसा.

आधी मला काहीच वाटलं नाही. मग कान तापले. मग जलेबी आठवली. त्यांनी माझी जलेबी खाल्ली! चेंडू कसा होता हे माहीत असताना, माझं तोंड बघत, माझी बडबड ऐकत खाल्ली. एकालाही घास अडकला नाही.

मैत्रीण दोन गल्ल्या सोडून राहते. मी चपला घालून तशीच निघाले. तिने दार उघडलं, माझ्या हातातला फोन बघितला, आणि तिला समजलं. ती चहा टाकायला वळली. मी म्हटलं, "चहा नको. कधीपासून चालू आहे?"

"बस तर आधी."

"कधीपासून?"

"तू बॅट आपटली ना, त्याच्या पुढच्याच रविवारपासून." ती ओट्याला टेकून उभी राहिली. "तू सोडून चालली होती. मी काय करू मग? तू नाही तर मी तिथे कोणासाठी जाऊ?"

"म्हणून मला फसवलंस?"

"फसवलं काय त्याच्यात? नियम तुझाच आहे. काकांसाठी चालते, तुझ्यासाठी नाही चालत, असं कसं?"

"काका कधी खेळले नव्हते. मी खेळलेली आहे!"

ती म्हणाली, "अच्छा, मग सांगायचं तरी कसं? सांगायचं नाही, हे पण तूच ठरवलं होतं."

तिच्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर होतं आणि ते उत्तर माझंच होतं. मला तिच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. खरं दुखणं वेगळंच होतं. कॉलेजात मी खूण करायची आणि ती टाकायची. तिचा चेंडू माझ्या ग्लोव्हमध्ये येण्याआधी कसा येणार हे मला ठाऊक असायचं. त्या एका माणसाच्या चेंडूबद्दल मला कधी शंका घ्यावी लागली नव्हती. आणि जो काकांना हाकलायला निघाला होता म्हणून मी ज्याला झापलं, त्या पोराबरोबर मिळून तिने माझ्या पाठीमागे माझी जागा ठरवली. मी विचारलं, "आधी कोण म्हणालं, तू की तो?"

"मी," ती म्हणाली. "तो तर नाही म्हणून राहिला होता. म्हणे, दीदी को पता चला तो बुरा मानेंगी."

म्हणजे त्यालाच माझी जास्त कदर होती. मी पाठ फिरवून घरी आले.

जायचंच नाही असं ठरवलं होतं. पण रविवारी जाग आली आणि पाय निघाले. मैदानावर सगळे जरा जास्तच मोठ्याने बोलत होते, तेव्हा कळलं की बातमी पोचली आहे. मी कुणाशी न बोलता ग्लोव्ह चढवला आणि प्लेटमागे, कॅचरच्या जागेवर, जाऊन बसले. थोड्या वेळाने काका बॅट घेऊन आले. त्यांना काहीच माहीत नव्हतं. वळून म्हणाले, "ताई, तुमचा तो फटका नातीला दाखवला मी. आज माझाही तसा बसते, पाहा तुम्ही."

मैत्रीण चेंडू हातात घेऊन माझ्याकडे बघत उभी राहिली. तिला खूण हवी होती. मनात आलं, नाही ठेवत हात. काकांनाही कळू दे खरं काय ते, एकदाच काय ते होऊन जाऊ दे. काकांनी पांढरे बूट मातीत रोवले. त्यांची मान मागून दिसत होती, न्हाव्याकडून ताजी कोरून आणलेली. फक्त रविवारच्या या खेळासाठी.

मी हात गुडघ्यावर ठेवला. चेंडू हलका आला, काकांनी तो उडवला आणि शिट्टी छातीवर आपटत धावले. बेसवर पोचून माझ्याकडे बघत त्यांनी हात उंचावला. मीही उंचावला. मैत्रिणीकडे मी बघितलं नाही.

मग माझी पाळी आली. मी बॅट घेतली आणि मैदानभर ऐकू जाईल अशा आवाजात तिला म्हणाले, "पुऱ्या ताकदीने टाक." ती मानेनेच हो म्हणाली. मी वळून मागे बघितलं. बँकेतल्याने दोन्ही हात छातीसमोर धरले होते, पोलिसाने थांबवल्यासारखे. म्हणाला, "देख लीजिए दीदी, कुछ नहीं है." पहिला चेंडू मी मागेच बघत असताना निघून गेला. दुसऱ्यालाही माझं अर्धं लक्ष त्याच्या गुडघ्याकडे होतं. तिसऱ्याला मी दात आवळून पुढे बघितलं आणि बॅट फिरवली.

टण्णकन आवाज आला. चेंडू सगळ्यांच्या डोक्यावरून बाभळीकडे गेला. लोक ओरडले. मी पहिल्या बेसपर्यंत धावले आणि तिथेच थांबले, पुढे जायला वाव असूनही. पूर्वी असा फटका बसला की मनगटालाच कळायचं. आता मी मनगटाला विचारत होते आणि ते काही सांगत नव्हतं.

मैत्रीण खांदा चोळत माझ्याकडे आली. तिला धाप लागली होती, डोळ्यांत पाणी होतं. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "जोराचा टाकला होता गं मी, आईशपथ!"

तेच शब्द, तोच आवाज, आणि चेहराही अगदी तोच. मी म्हटलं, "हो," आणि हात सोडवून घेतला.